दमादमाने

आपल्या मराठी भाषेने ‘दम’ या दोन अक्षरांत माणसाचे किती व्यवहार साठवून ठेवले आहेत! धीर धरायचा तो दम धरून, विसावा घ्यायचा तो दम खाऊन. खोडकर मुलाला दम द्यायचा, माणसाच्या बोलण्यात दम आहे की नाही ते पाहायचे, आणि घाईघाईने जेवणाऱ्या नातवाला आजीने म्हणायचे, ‘बाळा, दमाने घे.’ शाळेत सदतीस वर्षे मराठी शिकवताना हे सारे वाक्प्रचार मी फळ्यावर लिहीत आले आणि मुलांकडून त्यांचा वाक्यात उपयोग करून घेत आले. स्वतःच्या आयुष्यात त्यांचा उपयोग करण्याची वेळ मात्र माझ्यावर एकसष्टाव्या वर्षी आली. त्यानंतर जे शिकले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

निवृत्तीच्या सुमारास मला सकाळचा खोकला सुरू झाला. खोकला हा आमच्या घरचा जुना पाहुणा असल्याने त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. आधी औषधी बाटल्या झाल्या, मग अडुळशाचा काढा झाला, मग आले-मध झाले. पुढे वसई रोड स्थानकाचा पूल चढताना मी मध्येच थांबू लागले. थांबल्याचे कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधण्याचे नाटक करू लागले. वाडीत कुजबुज झाली ती क्षयाची. दोनदा थुंकीची तपासणी झाली, दोन्ही वेळा क्षय नसल्याचे निष्पन्न झाले, आणि ‘वयोमान’ या एका शब्दात साऱ्या लक्षणांची बोळवण झाली. अशी चार वर्षे गेली. अखेर २०१६ साली मुलाने हट्टाने मुंबईच्या छातीविकारतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी एका नळीत जोराने फुंकायला सांगितले. पहिल्या एका सेकंदात छातीतली किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, याचे गुणोत्तर त्या यंत्रावर उमटते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ते ०.७० च्या खाली राहिले, तर फुप्फुसातून हवा बाहेर पडण्याच्या वाटा कायमच्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. माझे गुणोत्तर ०.५८ होते. पहिल्या सेकंदाचा माझा श्वास माझ्या वयाच्या निरोगी स्त्रीच्या जेमतेम निम्मा होता. या आजाराचे नाव सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात दीर्घकाळ राहणारा अडथळा.

“घरात सिगारेट कोण ओढतं?” डॉक्टरांनी विचारले. यजमान शेजारी बसले होते. त्यांनी उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही, पण त्या प्रश्नाने ते बिचारे आरोपीसारखे खाली पाहू लागले. मी नाही म्हटले. क्षणभर थांबून डॉक्टरांनी दुसरा प्रश्न केला, “आणि चूल किती वर्षं फुंकली?”

हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. वयाच्या नवव्या वर्षी आईने माझ्या हातात फुंकणी दिली, ते साल १९६४. लग्नानंतर सासरीही चूलच होती. घरात गॅस आला तो १९९२ साली. ही झाली अठ्ठावीस वर्षे. पहाटेचा चहा, शाळेत जाण्याआधीचा स्वयंपाक आणि संध्याकाळच्या भाकऱ्या धरल्या, तर रोजचे सरासरी तीन तास. डॉक्टरांनी कागदावर गुणाकार मांडला : रोजचे तास गुणिले वर्षे. उत्तर आले ८४. धुराचा हिशेब असाच मांडतात, असे ते म्हणाले. न्हाणीतील पाणी तापवायची चूल तर त्यानंतरही कित्येक वर्षे धुमसत होती, ती त्यात धरलेलीच नव्हती.

आपल्या वसईच्या वाड्यांत सरपणाला कधी तोटा नव्हता. नारळाच्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, किनाऱ्यावरील सुरूच्या काटक्या. पावसाळ्यात हे सारे दमट झाले की चूल पेटण्याआधी धूरच अधिक होई. डोळे चोळीत, पदर नाकाशी धरीत आम्ही बायका फुंकीत राहायचो. ‘धुराने डोळे स्वच्छ होतात’ असे सासूबाई म्हणायच्या, आणि आम्हालाही ते खरे वाटायचे. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात सुमारे १०० कोटी लोक तंबाखू ओढतात, पण लाकूड, शेण, पालापाचोळा यांचा धूर सुमारे ३०० कोटी लोकांच्या छातीत जातो; म्हणून या आजाराचे जगातील सर्वांत मोठे कारण कदाचित हा चुलीचा धूरच असावा, असे त्यांनी त्यात मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०१९ साली जगातील मृत्यूंच्या कारणांत सीओपीडीचा क्रमांक तिसरा होता. इतका मोठा आजार, आणि आमच्या वाडीत त्याला नावदेखील नव्हते. त्याला आम्ही ‘म्हातारपणचा खोकला’ म्हणत होतो.

त्या रात्री मला आईची आठवण आली. एकसष्टाव्या वर्षीच ती गेली. शेवटची दोन वर्षे ती आडवी होऊन झोपलीच नाही. खाटेच्या कडेला बसून, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून ती रात्र काढायची. आम्हा भावंडांना वाटायचे, ती प्रार्थना करते आहे. प्रार्थना तर ती करीतच असेल. पण ती बसण्याची रीत म्हणजे श्वासासाठी चाललेली धडपड होती, हे मला पन्नाशी-साठी उलटल्यावर एका दवाखान्यातील भिंतीवरच्या चित्रावरून कळले. त्या चित्रातील बाई हुबेहूब माझ्या आईसारखी बसली होती. चुलीपुढे तिने मला बसवले म्हणून तिच्यावर रागवावे, असा विचार मनात येऊन गेला, हे प्रांजळपणे सांगते. पण मला एक ताट वाढण्यासाठी तिने किती श्वास खर्चिले असतील, याचा हिशेब मांडू लागले तेव्हा राग कुठच्या कुठे गेला. उरली ती हळहळ. तिला कोणी विचारलेच नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.

निरोगी माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतो असे धरले, तर दिवसाचे २१,६०० होतात. त्यांतील एकही तो मोजत नाही. मोजावा लागत नाही, हेच तर आरोग्य! माझ्यासारख्यांचा दिवस मात्र जमाखर्चाच्या वहीसारखा असतो. फुप्फुसांच्या टोकाशी द्राक्षांच्या घोसांसारखे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. या आजारात त्यांच्या भिंती फाटत जातात, नळ्या सुजतात आणि आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. लोकांना वाटते, आम्हाला श्वास घेता येत नाही. खरे तर आम्हाला श्वास सोडता येत नाही. जुनी हवा जागा अडवून बसते, म्हणून नव्या हवेला वाव मिळत नाही.

पहाटे पाचला उठले की पहिला अर्धा तास खोकल्याचा. मग इनहेलर. मग गुळण्या, कारण त्या औषधाचा अंश तोंडात राहिला तर जिभेवर बुरशी येते. सर्वांत अवघड काम कोणते असेल? आंघोळ! हात वर करून केस विंचरायचे, वाकून पाय चोळायचे, त्यात कोंदलेली वाफ. आता मोरीत प्लास्टिकचे स्टूल आहे आणि खिडकी उघडी असते. जेवण थोडे थोडे, चार-पाच वेळा. कारण पोट भरले की ते वर छातीला दाबते. फोडणीची मिरची तडतडली की माझा जीव कासावीस होतो. म्हणून सूनबाई स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन फोडणी देते. ज्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे माझे राज्य होते, त्याच्या बंद दाराबाहेर बसून कोथिंबीर निवडताना पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. सूनबाईला मी सांगितले, धुराने आले.

उपचारांतही शिकण्यासारखे पुष्कळ होते. पहिली दीड-दोन वर्षे मी इनहेलर चुकीच्याच पद्धतीने घेत होते. फवारा जिभेवर बसत होता आणि औषध गुण देत नाही म्हणून मी कुरकुरत होते. पुढे एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने फवाऱ्याला जोडायचे नळकांडे दिले. फवारा आधी त्यात सोडायचा, मग सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. सदतीस वर्षे मुलांना ‘नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगणाऱ्या बाईंनी औषधाच्या डबीतील सूचनांचा कागद कधी उलगडूनही पाहिला नव्हता!

त्याच मुलीने मला श्वास सोडायला शिकवले. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, समोर मेणबत्ती आहे असे समजून, ज्योत हलावी पण विझू नये इतक्या हळुवारपणे सोडायचा. त्यामुळे नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. मला हसू आले. ज्या ओठांनी अठ्ठावीस वर्षे फुंकणी फुंकली, त्यांनाच म्हातारपणी फुंकर घालायला पुन्हा शिकावे लागले. जिना चढताना थांबून श्वास घ्यायचा आणि सोडता सोडता पाऊल उचलायचे. दम लागतो म्हणून बसून राहिले तर पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. म्हणून रोज चालायचेच. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर, सहा मिनिटांत मी जिथे २९० मीटर चालत होते तिथे ३४५ मीटर चालू लागले. फुप्फुसे होती तशीच होती, केवळ मी त्यांचा वापर शिकले होते. गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.

२०२० साली करोना आला आणि माझ्या आजाराची भाषा एकाएकी घरोघरी बोलली जाऊ लागली. बोटाला लावायचे ते छोटे यंत्र औषधांच्या दुकानांतून दिसेनासे झाले. शेजारच्या घरी कोणाचा आकडा ९४ आला की रडारड व्हायची. माझा तर रोजचाच आकडा ९३! पण त्या वर्षाने मला घराच्या आत इतके कोंडले, की घरात राहण्याचीच सवय जडली. चर्च उघडली, लग्नकार्ये सुरू झाली, तरी मी काही ना काही निमित्त काढून टाळू लागले. खोकल्याची उबळ आली की लोक मागे सरकतात, ते पाहवत नसे.

वाचकहो, येथवर मी शरीराचे ओझे सांगितले. त्याहून जड ओझे होते ते लपवण्याचे. आजार आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण तो किती आहे हे मी कोणालाच कळू दिले नव्हते. दोन गोष्टी तर मी कसोशीने लपवल्या.

पहिली आमच्या वाडीतील. यजमान निवृत्तीनंतर वाडीतच रमले. सूर्य मावळायच्या बेताला ते दिवसभराचा पालापाचोळा, वाळलेली केळीची पाने, झावळ्यांचे तुकडे एका कोपऱ्यात गोळा करून पेटवीत. त्यांच्या वडिलांनी तेच केले होते, आजोबांनीही तेच. तो धूर वाऱ्याबरोबर सरळ माझ्या खोलीत येई. मी खिडक्या लावून घेई, दाराच्या फटीत ओले फडके घाली, आणि ते आत आले की हसून चहा ठेवी. त्यांच्या आयुष्यातील तेवढाच आनंद मी कशी हिरावून घेऊ? दवाखान्यात खाली मान घातलेले यजमान माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांना पुन्हा आरोपी करायचे नव्हते.

दुसरी गोष्ट चर्चमधील. गेली तीस वर्षे मी रविवारच्या मिस्सेत वाचन करीत आले. माझा आवाज ही माझी एकमेव मिरासदारी होती. आजार वाढला तशी मी शनिवारी रात्री वाचनाचा कागद घेऊन बसू लागले आणि कुठे श्वास घ्यायचा, तिथे पेन्सिलीने बारीक रेघा मारू लागले. सुरुवातीला परिच्छेदात चार रेघा पुरत. पुढे दहा झाल्या. संत पौलाची पत्रे आली की पोटात गोळा येई. तो महापुरुष एकदा वाक्य सुरू केले की थांबायचे नावच घेत नाही. १४ जुलै २०२४ च्या रविवारी एफेसकरांस पत्राचा आरंभीचा भाग माझ्या वाट्याला आला. मूळ ग्रीक भाषेत तो सारा भाग एकच अखंड वाक्य आहे. भाषांतरकारांनी ते तोडले, तरी त्याचा ओघ काही तुटत नाही. बाहेर धुवाधार पाऊस, आत दमट हवा. वेदीच्या तीन पायऱ्या चढून गेले तेव्हाच मी थकले होते. निम्म्यावर आले आणि पुढचा शब्द निघेना. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. माइकमधून साऱ्या चर्चभर ऐकू गेली ती माझ्या छातीतील शिट्टी. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो युगासारखा वाटला. कसेबसे वाचन संपवून खाली आले. लोकांना वाटले, बाईंना गहिवरून आले. एक-दोघींनी बाहेर हात हातात घेऊन तसे म्हटलेही. आणि मी, आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवणारी, त्यांना होकार दिला.

त्यानंतर माझी पाळी आली की मी आजारी असल्याचे कळवू लागले. खोटे नव्हते ते. पण खरेही नव्हते.

पुढच्या फेब्रुवारीत एक प्रसंग घडला. ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस मिस्सा अर्पण करीत होते. प्रवचन सुरू केले, थोडे वाचले, आणि ते थांबले. श्वास घ्यायला त्रास होतो आहे असे त्यांनी जमलेल्या लोकांना सरळ सांगितले, क्षमा मागितली आणि उरलेले प्रवचन वाचण्यास दुसऱ्याला सांगितले. ती बातमी मी संध्याकाळी टीव्हीवर पाहिली. एकविसाव्या वर्षी, १९५७ साली, त्यांच्या फुप्फुसाचा एक भाग शस्त्रक्रियेने काढून टाकलेला होता, हे मला ठाऊक होते. पुढे पाचच दिवसांनी ते रुग्णालयात दाखल झाले. ६ मार्चला त्यांचा ध्वनिमुद्रित संदेश त्याच चौकात ऐकवला गेला. शब्दाशब्दाला धाप लागत होती. असा आवाज लोकांना ऐकवू नये, असे त्यांना वाटले नाही. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते प्रभुघरी गेले. जगभरचे लोक त्यांच्या कितीतरी गोष्टी आठवतील. माझ्या मनात घर करून राहिली ती ९ फेब्रुवारीची घटना : एवढ्या मोठ्या पदावरील माणूस हजारो लोकांसमोर म्हणाला, मला श्वास पुरत नाही, आता पुढचे तुम्ही वाचा. त्यात ना त्यांचा मान कमी झाला, ना प्रवचन अपुरे राहिले.

बातम्या संपल्या तेव्हा वाडीतून नेहमीचा धूर आत येत होता. यजमान दारात पाय पुसत होते. मी म्हटले, “अहो, जरा बसा. मला तुम्हाला काही सांगायचं आहे. तुम्ही वाडीत जाळता ना, त्या धुराने माझा जीव गुदमरतो. रोज.” ते माझ्याकडे बघतच राहिले. “कधीपासून?” त्यांनी विचारले. “आठ-नऊ वर्षं झाली,” मी म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, आणि तू मला रोज चहा देत होतीस?” त्या रात्री ते माझ्याशी बोललेच नाहीत. रागावले ते धुरावर नव्हे, मी त्यांना परके समजले यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तो काय, पंच्याहत्तर वर्षांचा माझा नवरा कुदळ घेऊन वाडीच्या कोपऱ्यात खड्डा खणतो आहे. आता पाचोळा त्या खड्ड्यात पडतो, वर शेण-माती पडते, आणि पावसाळ्यानंतर काळेभोर खत निघते. केळीचे लोंगर पूर्वीपेक्षा थोराड झाले आहेत, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खड्डा कोणासाठी खणला, हे मात्र सांगत नाहीत.

मग मी फादरांकडे गेले. आमचे फादर माझेच विद्यार्थी; अजूनही मला ‘बाई’च म्हणतात. जुलैमधील ते गहिवरणे नव्हते, धाप होती, हे मी त्यांना सांगितले आणि वाचकांच्या यादीतून नाव काढण्याची विनंती केली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, पूर्णविरामाला थांबायचं हे तुम्हीच आम्हाला छडी दाखवून शिकवलंत. आता तुम्ही स्वल्पविरामालाही थांबलात तर कोणाचं काय बिघडणार आहे?” मी हसले, पण निर्णयावर ठाम राहिले. संत पौलाला मी माझ्याकडून निरोप दिला. अखेर आम्ही दोघांनी मिळून एक तोडगा काढला. आता शनिवारी संध्याकाळी आठवी-नववीची पाच-सहा मुले माझ्या ओटीवर वाचनाचा सराव करायला येतात. मी त्यांना उच्चार सांगते, अर्थ सांगते, आणि कागदावर पेन्सिलीने रेघा मारून श्वास कुठे घ्यायचा ते दाखवते. पूर्वी त्या रेघा मी खोडून टाकीत असे. आता मुले त्या जपून ठेवतात.

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की माझे दुःख सरले. आजार आहे तिथेच आहे, किंबहुना दरवर्षी तो एकेक पायरी उतरतो आहे. नाताळच्या सुमारास हवेत धुके आणि बांधकामांची धूळ एकत्र होते, तेव्हा आठ-आठ दिवस मी खोलीबाहेर पडत नाही. दरवर्षी फ्लूची लस घेते, न्यूमोनियाचीही घेतली आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात एका साध्या सर्दीने मला पाच दिवस रुग्णालयात झोपवले. पेन्शनमधील दीडेक हजार रुपये दरमहा औषधांना लागतात. आकडा ८८ च्या खाली स्थिरावला तर घरी प्राणवायूचे यंत्र आणावे लागेल आणि ते दिवसाचे किमान पंधरा तास लावावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. त्या यंत्राची मला भीती वाटते. रात्री कधी जाग आली आणि श्वास सापडेना, तर भीतीने श्वास वाढतो, वाढल्या श्वासाने धाप वाढते, आणि धापेने पुन्हा भीती. तेव्हा मी खाटेच्या कडेला, आई बसायची तशीच, कोपरे गुडघ्यांवर टेकून बसते. फरक एवढाच, की यजमानांना हाक मारते. ते उठून माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि हळूहळू म्हणतात, “दमाने... दमाने...” माझ्या आईच्या पाठीवर असा हात नव्हता, कारण तिने हाक मारली नाही. ती हाक मारण्याचे बळ परमेश्वराने मला दिले, ही त्याची कृपाच.

वाचकहो, आपल्या घरात, आपल्या वाडीत एखादी वृद्ध बाई रोज सकाळी खोकत असेल, पायऱ्यांवर थांबून पर्समध्ये काहीतरी शोधत असेल, तर ‘वयोमान’ म्हणून सोडून देऊ नका. तिला श्वासाची तपासणी करायला घेऊन जा. घरात सिगारेट कोण ओढते हे तिला अवश्य विचारा, पण चूल किती वर्षे फुंकली हेही विचारा. आणि संध्याकाळी पाचोळा पेटवण्याआधी वारा कोणाच्या खिडकीकडे वाहतो आहे, तेवढे पाहा.

वाचकांच्या यादीत माझे नाव अजूनही आहे. महिन्यातून एका रविवारी मी प्रतिसाद स्तोत्र म्हणते. वेदीच्या पायऱ्यांवर आता कठडा बसवला आहे. पाऊल टाकते, श्वास घेते, पुढचे पाऊल टाकते. लोक थांबतात, घाई करीत नाहीत. स्तोत्राची मांडणीच अशी आहे, की दोन-चार ओळी मी म्हणाव्यात आणि मग साऱ्या लोकांनी एकमुखाने प्रतिसाद द्यावा. तो प्रतिसाद चालू असतो तेवढ्यात मी मान खाली घालून, ओठांचा चंबू करून, सावकाश श्वास सोडते. लोकांचे म्हणून होईपर्यंत पुढच्या ओळींपुरता दम माझ्या छातीत जमलेला असतो.